रेड्याच्या डोक्यातला जुना कोड

विनोदला पहिला फटका मी मारला. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सगळ्यांनी उद्धवदादाचं नाव घेतलं, त्याच्या हातातल्या पान्याचं घेतलं, मुदखेडहून आलेल्या पोरांचं घेतलं. माझं कुणीच घेतलं नाही. खरं तर सगळ्यांच्या आधी हात माझा उठला, आणि उठला तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की या पोरानं काहीही केलेलं नाही.

मी बजरंग. नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. माझं डोकं लवकर तापतं. चुकलो की जास्तच तापतं, आणि ही खोड वाईट आहे हे मला कळतंही, पण कळून उपयोग काय. आमच्या टीममध्ये आठ जण होते. त्यातले सहा टी-शर्ट घालून फोटोत उभे राहायचे. काम करायचो मी आणि वैजनाथ. वैजनाथ मुदखेडच्या शेतकऱ्याघरचा, लोखंडातला माणूस. वेल्डिंग असं करायचा की सांधा बोटानं शोधावा लागे. मी कोडवाला. तो मला बज्या म्हणायचा, मी त्याला वैजा.

रोबोंच्या झुंजीसाठी आम्ही जो रोबो बनवला होता त्याचं नाव रेडा. तीस किलो वजन, चार चाकं आणि तोंडाशी एक आडवं पातं. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद कापून वैजनाथनं ते बनवलं होतं. पूर्ण वेगात आलं की समोरच्या रोबोचं पत्र्याचं अंग एका घावात उघडायचं. जाड प्लास्टिकच्या भिंतींचा पिंजरा, त्यात दोन रोबो, आणि बाहेर शिट्ट्या मारणारी हजारभर पोरं. खेळच मारामारीचा, मग त्यात हळवेपणा कसला.

रेड्याच्या पोटात कंट्रोलर होता. आम्ही त्याला डोकं म्हणायचो. लॅपटॉपवर लिहिलेला कोड या डोक्यात दोन तऱ्हांनी घालता यायचा. एक कच्चा. वायर लावली, बटण दाबलं, अर्ध्या मिनिटात कोड चालू. पण रोबोचा मेन स्विच एकदा बंद केला की तो पुसला जायचा. दुसरा पक्का. त्याला आठ मिनिटं लागायची, मध्ये वायर हलली की सगळं फुकट, पण एकदा चढला की चढला. स्विच कितीही वेळा बंद-चालू करा, डोक्यात तोच कोड राहणार. आणि डोक्याचा स्वभाव असा की कच्चा कोड पुसला गेला की ते गप्प बसत नाही. आधी जो कुठला पक्का कोड चढवलेला असेल, तो चालवायला घेतं. वायर लावलेली असेल तोवर तेवढं थांबतं.

आमच्या रेड्यात आधीचा पक्का कोड ऑगस्टमधला होता. तेव्हा रिमोट आला नव्हता आणि पातं तेवढं तपासायचं होतं. म्हणून मी साधा कोड लिहिला होता: स्विच चालू केला की दोन सेकंद थांबायचं आणि पातं सोडायचं, पूर्ण वेगानं. आम्ही रेड्याला टेबलाच्या लोखंडी शिकंज्यात आवळून, दहा फूट लांब उभं राहून ते बघायचो. पुढं रिमोट आला. नव्या कोडात मी कुलूप घातलं. रिमोटवरची दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय पातं हलणारच नाही. झुंजीच्या दिवसापर्यंत हा नवा कोड मी रोज कच्चाच चालवत होतो. रोज काहीतरी बदलायचं असायचं. पक्का शेवटी एकदाच चढवू, म्हणायचो.

शनिवारी सकाळी तो शेवटचा दिवस आला, झुंजी आमच्याच कॉलेजात होत्या, आणि माझी वायर खराब निघाली. दोनदा पक्का चढवायला घेतला, दोनदा मध्येच तुटला. शेजारच्या टेबलावर लातूरच्या कॉलेजची टीम होती. त्यांचा कोडवाला विनोद, मूळचा देवणीचा, हडकुळा, चष्मेवाला. मी वायरीला शिव्या घालत होतो ते ऐकून तो स्वतःहून आला.

"माझी घे की," तो म्हणाला. "पहिली झुंज तुमचीच हाय न्हवं? आमची तिसरी हाय. सावकाश दे."

त्यानं स्वतः वाकून वायर रेड्याच्या पोटात लावून दिली, नीट बसली का ते बघितलं. आजूबाजूच्या पन्नास जणांनी ते पाहिलं. मी पक्का कोड चढवायला घेणार इतक्यात माइकवर आमच्या टीमचं नाव पुकारलं. पाच मिनिटांत पिंजऱ्यापाशी या. आठ मिनिटं कुठून आणू? मी कच्चा चढवला. झुंज संपेपर्यंत स्विच बंद करायचाच नाही, म्हणजे झालं. वायर काढून गडबडीत माझ्याच बॅगेत टाकली.

"पक्का चढवलास ना?" वैजनाथनं विचारलं.

"हाव," मी म्हणालो.

खोटं का बोललो? खरं सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, महिनाभर काय करून राहिला होतास. सगळ्यांदेखत म्हणाला असता. एवढंच. एवढ्यासाठी.

मी पंचांच्या टेबलावर सही करायला गेलो. रिमोट माझ्या गळ्यात पट्ट्यानं लटकत होता. इकडं वैजनाथचा थोरला भाऊ उद्धवदादा आला. मुदखेडहून दहा-बारा पोरं जीपमध्ये घालून तो भावाची झुंज बघायला आला होता, आणि येताना नारळ, लिंबू, हळदकुंकू घेऊन आला होता. नवं वाहन असो, मोटार असो, मळणीयंत्र असो, पूजा केल्याशिवाय आमच्याकडं कुणी ते कामाला लावत नाही. आणि पूजा बंद यंत्राचीच करतात. चालू यंत्राला कुणी कुंकू लावत नाही. हे उद्धवदादाला लहानपणापासून माहीत. त्यानं रेड्यावरचा हिरवा दिवा बघितला आणि सरळ मेन स्विचची किल्ली फिरवून तो बंद केला. माझा कच्चा कोड त्या क्षणी पुसला गेला. मी वीस पावलांवर पाठमोरा उभा होतो.

पिंजऱ्याबाहेर असताना पात्यात एक लोखंडी कांडी अडकवून ठेवायचा नियम होता. कुंकू लावायला ती मध्ये येत होती म्हणून वैजनाथनं काढली. पात्याला कुंकू लावलं, लिंबू उतरवलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी पात्यावर सांडलं, ते तो फडक्यानं पुसत होता. मी सही करून वळलो तेव्हा त्याचा उजवा हात पात्यावर होता आणि उद्धवदादाची बोटं किल्लीवर.

"हात काढ की रे," उद्धवदादा म्हणाला.

"कर चालू दादा," वैजनाथ हसत म्हणाला. "बज्यानं पक्का चढवलाय. रिमोटबिगर फिरत न्हाई ते."

किल्ली फिरली. हिरवा दिवा लागला. म्हणजे स्विच मध्ये बंद झाला होता, आणि आता डोक्यात ऑगस्टचा कोड होता. दोन सेकंद होते माझ्याकडं. दोन सेकंदांत "वैजा" एवढं तरी ओरडता येतं. मी ओरडलो नाही.

पातं सुटलं. आवाज आला तो लाकूड तुटल्यासारखा. वैजनाथ आधी ओरडलाच नाही, नुसता हात वर धरून बघत राहिला, आणि मग जे ओरडला ते मला अजून ऐकू येतं. तीन बोटं गेली. एक नारळाच्या वाटीत पडलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. रक्ताचे शिंतोडे उद्धवदादाच्या पांढऱ्या सदऱ्यावर, तोंडावर. रेडा पातं फिरवत जागच्या जागी थरथरत होता, शेवटी कुणीतरी मागून जाऊन किल्ली बंद केली.

उद्धवदादानं पहिल्यांदा स्वतःच्या हाताकडं पाहिलं. ज्या हातानं किल्ली फिरवली त्याकडं. मग त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं.

"तू दाबलंस काय रे?"

तो माझ्याकडं यायला निघाला. सहा फुटी माणूस, ऊस तोडलेले हात. रिमोट माझ्या गळ्यात. मला भीती वाटली, खरी, घाणेरडी भीती. आणि नेमका त्या वेळी विनोद धावत आला. गळ्यातला पंचा काढून तो वैजनाथचा हात बांधायला खाली बसला होता. मी त्याची कॉलर धरून त्याला उठवलं आणि थोबाडीत मारली. चष्मा उडाला.

"ह्यानं केलं!" मी ओरडलो. "ह्यानंच वायर लावली होती! लातूरवाल्यानं कोड बदलला!"

विनोदनं माझ्याकडं पाहिलं. त्याला आधी कळलंच नाही. "अरे, मी तर वायर..." एवढंच तो बोलला. मी परत मारली, यावेळी मुठीनं, तोंडावर, त्यानं पुढं बोलू नये म्हणून. मग उद्धवदादा येऊन पोचला आणि मला बाजूला सारून त्यानं विनोदला धरलं.

त्यानंतरचं मी थोडक्यात सांगणार नाही, कारण ते थोडक्यात झालं नाही. मुदखेडची पोरं आली, आमच्या वर्गातली आली. ज्यांनी आयुष्यात उंदीर मारला नव्हता तेही लाथा घालत होते. विनोद पोटाशी पाय घेऊन आडवा झाला होता, डोकं हातांत. त्याच्या टीमचे तिघं मध्ये पडले तर त्यांनाही तुडवलं. उद्धवदादानं आमच्याच टेबलावरचा बावीसचा पाना उचलला. "माझ्या भावाची बोटं," एवढंच तो परत परत म्हणत होता, आणि दर वेळी पाना खाली येत होता. पहिला घाव विनोदच्या हातांवर बसला. हात बाजूला झाले. दुसरा डाव्या डोळ्यावर बसला. तिसऱ्याला जबडा तुटल्याचा आवाज मी ऐकला. मी तिथं होतो, लाथ घालायला पाय उचललेला होता, आणि ती लाथ मी घातली. बरगडीत. घातली नसती तर कुणाला संशय आला असता, असं माझ्या मनात आलं होतं. इतकं स्वच्छ मनात आलं होतं.

शेवटी आमच्या विभागाचे व्यंकट सर विनोदच्या अंगावर पालथे पडले, तेव्हा थांबलं. सरांनाही दोन लाथा बसल्या.

वैजनाथ आणि विनोद, दोघांना एकाच रुग्णालयात नेलं. वैजनाथ दुसऱ्या मजल्यावर, विनोद तळमजल्यावर. संध्याकाळी पोलीस आले. सगळ्यांनी एकच सांगितलं: लातूरच्या पोरानं मशीनमध्ये छेडछाड केली, बोटं गेली, लोक भडकले. मीही तेच सांगितलं. जमादारानं लिहून घेतलं. रोबो वर्कशॉपमध्ये कुलपात ठेवला, रविवारी दुपारी चार वाजता बाहेरच्या कॉलेजचे एक प्राध्यापक येऊन डोकं तपासणार असं ठरलं. छेडछाड निघाली तर विनोदवर गुन्हा, बेशुद्ध असला तरी.

रविवारी एक वाजता मी व्यंकट सरांकडं वर्कशॉपची किल्ली मागितली. बॅटरी काढून ठेवतो, पेट घेईल म्हणालो. सरांना बरगड्यांमुळं उठवत नव्हतं. त्यांनी किल्ली दिली, विश्वासानं दिली.

प्राध्यापकांना डोक्यात काय सापडणार हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. ऑगस्टचा कोड, ऑगस्टच्या तारखेसकट, माझ्या नावासकट. म्हणजे कुणी काही बदललं नव्हतं, मी नवा पक्का चढवलाच नव्हता, हे उघड. पण मी आता नवा कोड पक्का चढवला, लॅपटॉपची तारीख शनिवार सकाळची करून, तर? तर डोकं म्हणेल, कुलूपवाला कोड सकाळीच चढला होता. मग पातं फिरलं कसं? कुणीतरी काहीतरी केलं. आणि वायर कुणी लावली होती ते पन्नास जणांनी पाहिलं होतं. आठ मिनिटांचं काम.

बॅगेतून वायर काढली. विनोदची. रेड्याच्या पोटात लावली. पात्यावर काळं पडलेलं रक्त आणि कुंकू एकत्र वाळलं होतं. मी तिकडं न बघता तारीख बदलली आणि बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरू लागली.

तिसऱ्या मिनिटाला दार ढकलून उद्धवदादा आत आला. रात्रभर झोपला नव्हता. "काय करून राहिलास रे?" त्यानं विचारलं.

का कुणास ठाऊक, मी त्याला सगळं सांगितलं. एकदम सुटलो. पक्का-कच्चा, ऑगस्टचा कोड, स्विच बंद केल्यावर काय झालं, वैजाशी खोटं बोललो ते. तो ऐकत उभा राहिला. मला वाटलं आता हा मला इथंच मारून टाकेल, आणि मारावं असं मला वाटत होतं.

त्यानं मारलं नाही. तो हातगाड्यावर बसला आणि तोंड पुसलं.

"म्हंजी मी किल्ली बंद केली म्हनून?"

"मी पक्का चढवला असता तर काही झालं नसतं, दादा."

"आन् आता काय करलास ते?"

"नवा चढवून राहिलो. मग तुमचं माझं नाव येत नाही."

तो पट्टीकडं बघत बसला. निम्मी भरली होती. बाहेर कुणीतरी मोटरसायकल चालू केली आणि निघून गेलं.

"त्या पोराचा डोळा गेला," तो म्हणाला. "आता फोन आला होता. डावा. काढून टाकला म्हनत्यात." मग माझ्याकडं न बघता, अगदी शांतपणे म्हणाला, "आता त्यानंच केलं असलं पायजे, बजरंग. न्हाई तर मी काय केलं? चढव तू. पक्कं चढव."

सहा मिनिटं झाली होती. माझी बोटं वायरीजवळच होती. त्याच्या तोंडून ते ऐकलं, आणि हेच मी कालपासून मनात म्हणत होतो, फक्त असं सरळ शब्दांत नाही. मी वायर उपटली. पट्टी थांबली, लाल झाली. डोक्यात ऑगस्टचा कोड होता तसाच राहिला.

तेव्हा त्यानं मारलं. पहिल्या ठोशातच माझा पुढचा दात गेला. त्यानं माझं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, लॅपटॉप भिंतीवर फेकला, मला खाली पाडून गळा धरला. "लाव! वायर लाव!" तो रडत होता. एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा हुंदके देत मला मारत होता. मी हात वर केला नाही. मोठेपणा म्हणून नव्हे, माझ्यात जोरच नव्हता. शिपायानं आवाज ऐकून माणसं गोळा केली, चौघांनी त्याला ओढला.

चार वाजता जमादार, ते प्राध्यापक, बरगड्या धरून व्यंकट सर, असे सगळे आले. तोंडातलं रक्त थुंकत मी जे सांगायचं ते सांगितलं. प्राध्यापकांना पटेना, म्हणून रेड्याला शिकंज्यात आवळला, सगळ्यांना भिंतीशी उभं केलं आणि लांब काठीनं किल्ली फिरवली. रिमोट जमादाराच्या हातात दिला होता. दोन सेकंद. पातं सुटलं. वाळलेल्या रक्ताचा भुगा सगळ्यांच्या अंगावर उडाला. जमादारानं शिवी हासडली आणि कालचा कागद खिशातून काढून फाडला. उद्धवदादाला तिथूनच घेऊन गेले. मला म्हणाले, आधी रुग्णालयात जाऊन ये, मग जबाब घेऊ.

मी आधी दुसऱ्या मजल्यावर गेलो. वैजनाथच्या डाव्या हाताला सलाइन होतं, उजवा हात बँडेजमध्ये, उशीवर ठेवलेला. त्याची आई तुळजाबाई काकू पायथ्याशी बसल्या होत्या.

"रेडा कसा हाय?" त्यानं मला बघून विचारलं. मग माझं तोंड दिसलं. "तुला काय झालं?"

मी सांगितलं. काकूंसमोरच सांगितलं. तो छताकडं बघत ऐकत होता. बोटांबद्दल एक शब्द बोलला नाही. संपल्यावर त्यानं एकच विचारलं.

"विनोदला मारताना तुला ठाऊक होतं?"

"होतं."

डावा हात सलाइनमध्ये अडकला होता. त्यानं उजवा उचलला, बँडेजसकट, आणि जीव खाऊन माझ्या तोंडावर हाणला. माझ्यापेक्षा तोच मोठ्यानं किंचाळला. टाके तुटले, बँडेज लाल झालं, माझ्या शर्टावर धार लागली. त्यानं परत हात उचलला. काकूंनी त्याला मिठी मारून आडवा पाडला, नर्स धावत आली. काकू मला म्हणाल्या, "जा इथून. त्या पोराची माय खाली बसलीय कालपास्नं. तिच्याम्होरं जा."

मी जिना उतरलो. विनोदच्या खोलीबाहेर बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर फुटलेला चष्मा, पदरात गुंडाळलेला. विनोदचे वडील मडिवाळप्पा औषधं आणायला गेले होते, ती एकटीच होती. तिनं मान वर केली. माझा फुटलेला ओठ पाहिला, सुजलेला डोळा पाहिला, शर्टावरचं ताजं रक्त पाहिलं.

"तुलाबी मारलं का रे त्येंनी, लेकरा?" ती म्हणाली, आणि सरकून बाकावर मला जागा केली.

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगायला सुरुवात केली.